सिएनाचा आयएटी सेन्सर: आधी कनेक्टर, मग मीटर, नवा सेन्सर शेवटी

टोयोटा सिएनात चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०११३ हा कोड दाखवला, की बहुतेक जण लगेच फोनवरून नवा सेन्सर मागवतात. पण या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या आयएटी (इनटेक एअर टेम्परेचर) सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलं आहे. सेन्सर गेला, तार तुटली की कनेक्टर अर्धवट बसलाय, हे कोडला सांगता येत नाही. ते आपणच शोधायचं. अर्धा तास पुरतो.

इथली माहिती अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००४ ते २०१० च्या सिएनासाठी आहे: आधीची ३.३ लिटर आणि २००७ पासूनची ३.५ लिटर, दोन्ही व्ही-सिक्स. या गाड्यांत आयएटी सेन्सर वेगळा मिळत नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणावर आत येणारी हवा मोजणारा पाच तारांचा मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ, बसवलेला असतो आणि आयएटी त्याच्याच पोटात असतो. म्हणून बदलायची वेळ आली तर अख्खा मॅफच बदलावा लागतो. तपासणीत घाई करू नये, त्याचं कारण हेच.

आयएटी म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. हवा तापली की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, गारठली की चढतो. इंजिनचा कंप्युटर टीएचए नावाच्या तारेवर ५ व्होल्ट देतो, ई२ या तारेने ग्राउंड मिळतं आणि मधल्या व्होल्टेजवरून तापमान काढलं जातं. सर्किट कुठेही तुटलं तर व्होल्टेज ५ च्या जवळ जातं, कंप्युटरला ती कडाक्याची थंडी वाटते आणि स्कॅनरवर उणे ४० येतं. शॉर्ट झालं तर उलट: १४० अंश सेल्सिअस किंवा जास्त, आणि कोड पी०११२.

इथे एककाचा घोळ होतो. उणे ४० सेल्सिअसला आणि फॅरनहाइटला सारखंच. १४० चं तसं नाही. ॲप फॅरनहाइटवर असेल तर शॉर्टचा आकडा २८४ दिसेल. नुसतं १४० फॅरनहाइट म्हणजे ६० सेल्सिअस, आणि उन्हाळ्यात हायवेवरून येऊन दहा मिनिटं उभ्या केलेल्या गाडीत बॉनेटखाली तेवढं सहज होतं. तो बिघाड नव्हे.

लक्षणांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कोड आला की कंप्युटर तापमान २० अंश सेल्सिअस धरून गाडी चालवतो आणि हवेचं वजन मॅफ थेट मोजत असल्यामुळे चालवणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. गाडी हिसके देत असेल, मायलेज पडलं असेल, तर संशय आयएटीवर नको, मॅफच्या आतल्या, हवा मोजणाऱ्या मळलेल्या तारेवर किंवा हवेच्या गळतीवर घ्या. मॅफ नसलेल्या, मॅनिफोल्डच्या दाबावर चालणाऱ्या मिनिव्हॅनची, उदाहरणार्थ जुन्या ३.३ आणि ३.८ लिटरच्या क्रायस्लरची, गोष्ट वेगळी. तिथे हवेचा हिशोबच दाब आणि तापमानावर होतो, म्हणून आयएटीची चूक इंजिनला लगेच जाणवते.

तपासणी

साहित्य थोडंच: लाइव्ह डेटा दाखवणारा ओबीडी स्कॅनर किंवा ब्लूटूथ ॲडाप्टर, डिजिटल मल्टीमीटर, दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, दोन पिना एकमेकींना जोडायला बारीक जंपर वायर, मॅफ क्लीनरचा स्प्रे.

आधी सगळे कोड वाचून लिहून ठेवा. पी०११३ च्या जोडीला पी०१०२, म्हणजे मॅफचा सिग्नल कमी असल्याचा कोड, असेल तर मॅफचा कनेक्टर निघालेला असण्याचीच शक्यता जास्त. एअर फिल्टर बदलल्यावर हे हमखास होतं, कनेक्टर लावायचा राहतो किंवा टक असा आवाज येईपर्यंत दाबलेला नसतो. कूलंटच्या तापमानासारख्या दुसऱ्या सेन्सरचे कोडही एकदम आले असतील तर ई२ची सामाईक ग्राउंड तार तुटल्याचा संशय घ्या, सेन्सरला हात लावू नका.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर हवेचं आणि कूलंटचं तापमान एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी साधारण ५ अंश सेल्सिअसच्या आत जुळायला हवं. मग आकड्याकडे बघत कनेक्टर आणि मागची तार हळूच हलवा. आकडा उडी मारत असेल तर दोष तिथेच आहे. कनेक्टर काढून आत डोकावा. हिरवट गंज, आत सरकलेली पिन, तुटलेली खिट्टी, उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन, यातलं काही ना काही बऱ्याचदा सापडतं.

तरी उणे ४० च असेल तर जंपरची चाचणी. किल्ली बंद करून कनेक्टर काढा, किल्ली ऑन करा. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला धरून गाडीकडच्या कनेक्टरच्या पाचही पिना मोजा. एकीवर बॅटरीचं १२ व्होल्ट मिळेल, तिच्यावर खूण करा आणि तिला परत हात लावू नका. एकीवर ५ व्होल्ट मिळेल, ती टीएचए. ५ व्होल्ट कुठेच नसेल तर टीएचएची तार कंप्युटरपर्यंत तपासावी लागेल. आता किल्ली बंद करून उरलेल्या पिना ओहमवर तपासा. ज्या दोन पिना निगेटिव्हशी जवळजवळ शून्य दाखवतात त्या ग्राउंड, आणि त्यांपैकी टीएचएला खेटून असलेली ई२. दोनऐवजी एकच ग्राउंड सापडलं तर तार तुटली आहे.

टीएचए आणि ई२ जंपरने जोडा, किल्ली ऑन करा. कागदाची क्लिप खुपसू नका, जाड तारेने पिन फाकते आणि मग खरोखरचा लूज कॉन्टॅक्ट होऊन बसतो. स्कॅनर १४० किंवा वर गेला तर तार आणि कंप्युटर ठीक, दोष सेन्सरमध्ये. उणे ४० वरच अडकला तर तारेत किंवा कंप्युटरमध्ये. पी०११२ असेल तर काम आणखी सोपं: कनेक्टर नुसता काढा, आकडा उणे ४० ला आला तर सेन्सरच शॉर्ट आहे.

खात्रीसाठी सेन्सरच्या त्याच दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. समोरून बघताना पिनांचा क्रम आरशासारखा उलटतो, हे विसरू नका. २० अंश सेल्सिअसला २.२१ ते २.६९ किलोओहम हवेत, ६० अंशांना अर्ध्या किलोओहमच्या थोडं वर. हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली की आकडा सरसर पण सलग उतरला पाहिजे. मध्येच गायब झाला तर आतला जोड सुटला आहे. स्प्रेने तो भरून येत नाही. स्प्रे मॅफच्या तारेवरच्या मळासाठी, आणि तोही मॅफचाच. ब्रेक किंवा कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका.

बदलणं

नवा मॅफ गाडीच्या व्हिन नंबरवरून, म्हणजे चॅसी नंबरवरून, मागवा. डेन्सो कंपनीचा घेतलेला बरा. स्वस्तातल्या नकली मॅफमध्ये तापमान बरोबर येतं, पण हवेचा हिशोब चुकतो आणि पी०११३ जाऊन दुसरेच कोड सुरू होतात.

किल्ली बंद करा. बॅटरी काढायची गरज नाही. खिट्टी दाबून कनेक्टर काढा, तार ओढून नाही. दोन्ही स्क्रूंची डोकी मऊ असतात. स्क्रू ड्रायव्हर वरून चांगला दाबून मगच फिरवा, घसरला तर पक्कड घेऊन बसावं लागेल. सेन्सर सरळ वर उचला. जुनी ओ-रिंग भोकात राहिली नाही ना ते बघा. नव्या सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला बोट न लावता तो जुन्याच दिशेने बसवा आणि स्क्रू हाताने बेताचे आवळा. खाली प्लॅस्टिक आहे. ओ-रिंग चिमटली तर न मोजलेली हवा आत शिरते आणि आठवड्याभरात पी०१७१, पी०१७४, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचे कोड, हजर होतात.

कोड पुसा, आकडा बाहेरच्या हवेशी जुळतोय का बघा. इंजिन तापल्यावर आयडलला मॅफचा आकडा इंजिनच्या दर लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे सेकंदाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास असायला हवा. फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर इंधनात करतो ती कमीजास्ती, शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असावं.

एमिशनची तपासणी तोंडावर असेल तर मात्र कोड पुसताना विचार करा. त्याबरोबर रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्यांच्या नोंदीही, कोरे होतात, आणि २००१ पासूनच्या गाड्यांना अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एकच अपूर्ण मॉनिटर चालतो. हायवे आणि गावातलं मिळून काही दिवस गाडी फिरवा, मॉनिटर भरल्याचं स्कॅनरवर बघा आणि मगच तपासणीला न्या.