टॅक्स रिटर्न राहिलंय आणि सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म समोर आहे? आधी हे करा

"रिफंडच यायचा होता, सरकारचं काही देणं नव्हतं, मग रिटर्न नाही भरलं तर काय बिघडलं?" अमेरिकेत क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागणारी नोकरी धरणाऱ्या आपल्या लोकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. बिघडतं. क्लिअरन्स कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या सीड-४ निर्देशातल्या 'एफ' (आर्थिक व्यवहारांच्या) कसोटीत फेडरल, स्टेट किंवा लोकल रिटर्न भरायला हवं असताना न भरणं हेच एक स्वतंत्र कारण आहे. देणं किती होतं, हा नंतरचा प्रश्न. दरवर्षी ठरलेल्या तारखेला पाळायचा नियम ज्याने पाळला नाही, तो गोपनीय कागदांचे नियम पाळेल का, हे क्लिअरन्स देणाऱ्यांना बघायचं असतं.

आठवणीवर विसंबू नका. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल कर खात्याच्या, ऑनलाइन खात्यातून मागच्या सात वर्षांच्या अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट (वर्षवार नोंदींचे उतारे) काढा. कुठलं वर्ष कोरं आहे ते लगेच दिसतं. स्टेटचं वेगळं तपासा. मधे राज्य बदललं असेल तर दोन्हीकडचं.

राहिलेली रिटर्न्स भरून टाका, त्या त्या वर्षाच्या फॉर्मवर. भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे दाखवावं लागतं, ते विसरू नका. एकरकमी पैसे जमत नसतील तर फॉर्म ९४६५ भरून हप्ते बांधून घ्या आणि एकही चुकवू नका. असा करार करून तो पाळणं तुमच्या बाजूने धरलं जातं.

आता एसएफ-८६ चा, म्हणजे क्लिअरन्सच्या फॉर्मचा, विभाग २६. माणसं अडकतात ती इथे. मीही अडकलो होतो.

बाबांच्या आजारपणात माझ्या सांगलीच्या फेऱ्या चालू होत्या आणि दोन वर्षांची रिटर्न्स राहून गेली. क्लिअरन्सचा फॉर्म येण्याआधी तीन महिने मी ती भरली. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, "भरलीस ना आता? मग 'नो' लिही." मी लिहिलं. सबमिट केल्यावर प्रश्न पुन्हा नीट वाचला. गेल्या सात वर्षांत, कायद्याने भरायला हवं तेव्हा, टॅक्स किंवा रिटर्न भरायचं राहिलं का, असं तो विचारतो. आज बाकी आहे का, असं विचारतच नाही. उशिरा भरलेलं रिटर्नही म्हणजे 'येस'च. चौथ्या दिवशी कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लेखी कळवून मी उत्तर दुरुस्त करून घेतलं. तुम्हीही असंच चुकला असाल तर आजच कळवा. कुणी विचारण्याआधी स्वतःहून लगेच केलेली दुरुस्ती 'ई' (वैयक्तिक वर्तन आणि प्रामाणिकपणाच्या) कसोटीत तुमच्या बाजूने मोजतात, तपास अधिकाऱ्याने मुलाखतीत पकडल्यावर केलेली नाही. राहिलेल्या रिटर्नमधून बाहेर पडता येतं. जाणूनबुजून लिहिलेलं खोटं 'नो' मात्र थेट प्रामाणिकपणावर येतं, आणि असा सल्ला देणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. एक्स्टेन्शन (मुदतवाढ) घेऊन १५ ऑक्टोबरच्या आत रिटर्न भरलं आणि टॅक्स एप्रिलमध्येच दिला असेल, तर काहीच राहिलेलं नाही. तिथे 'नो' हेच खरं उत्तर.

'येस' लिहिल्यावर खुलाशाच्या रकान्यात पाढा वाचू नका. कुठलं वर्ष, मुदत कधीची, कधी भरलं, का राहिलं आणि आता दरवर्षी वेळेवर कसं भरताय, एवढंच चार-पाच वाक्यांत. अकाउंटंटवर ढकलू नका, सही तुमची असते.

मुलाखतीला ट्रान्स्क्रिप्ट आणि पैसे भरल्याच्या पावत्या न्या. पुढे आरोपांचं पत्र, म्हणजे स्टेटमेंट ऑफ रिझन्स, आलंच तर संरक्षण खात्याच्या कंत्राटी कर्मचाऱ्याला लेखी उत्तरासाठी पत्र मिळाल्यापासून २० दिवस असतात. त्याच आठवड्यात या कामातला वकील गाठा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे त्याचा कागद जोडा.