बेसबॉलचा ग्लोव्ह घेताना या चुका टाळा: ‘वाढत्या अंगाचं’ माप नकोच

शाळेचा गणवेश घेताना आपण दुकानदाराला सांगतो, “वाढत्या अंगाचा द्या.” नव्या पेठेत मुलीसाठी ग्लोव्ह घेताना मीही तेच केलं. लेकरू नऊ वर्षांचं आणि ग्लोव्ह साडेबारा इंची. दोन-तीन वर्षं तरी बघायला नको, असा माझा हिशेब.

पार्क मैदानावर पहिल्याच सकाळी तो हिशेब फसला. चेंडू ग्लोव्हमध्ये यायचा आणि उसळून बाहेर पडायचा. “नीट बघ, बंद कर!” म्हणून मी तिलाच ओरडत होतो. तिच्या बोटांना ते एवढं चामडं मिटतच नव्हतं, हे कळायला मला आठवडा लागला. तोवर ती चेंडूला घाबरायला लागली होती. म्हणून कळकळीने सांगतो, ग्लोव्ह आजच्या हाताचा घ्या.

ग्लोव्हवर छापलेला आकडा पंजाचं माप नसतो. तर्जनीच्या टोकापासून आतल्या खोलगट भागातून खाली मनगटाकडच्या कडेपर्यंतची ती लांबी असते. सात वर्षांपर्यंत साधारण ९ ते १०.५ इंच, आठ ते दहा वर्षांना १०.५ ते ११.५ आणि अकरा ते तेरा वर्षांना ११.५ ते १२ इंच पुरतात. हा अंदाज झाला, शेवटचा निर्णय हातावर घालूनच घ्या. हात खाली सोडून हलवल्यावर ग्लोव्ह निसटतो का ते बघा. मग दुसऱ्या हाताची मदत न घेता मिटायला सांगा.

इथे एक गल्लत होते. ग्लोव्ह हातात घट्ट बसतोय, निसटत नाही, पण मिटत नाही, तर माप बरोबर आहे, चामडं कोरं आहे. रोज झेलाझेली करा, रात्री आत चेंडू ठेवून पट्ट्याने बांधून ठेवा, काही आठवड्यांत वळण लागतं. पण पट्टा आवळूनही निसटत असेल, तर माप मोठंच. ते कितीही वापरून सुधारत नाही.

मोठ्या खेळाडूंसाठी मैदानावरची जागा बघावी लागते. इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपास, ११.२५ ते ११.७५ इंच बरा, कारण चेंडू ग्लोव्हमधून लगेच हातात घेऊन पुढे फेकायचा असतो. आउटफिल्डला, म्हणजे त्यामागच्या लांबच्या भागात, १२.५ ते १२.७५, तिथे धावत जाऊन लांबचा झेल घ्यायचा असतो. कॅचरचा, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून झेलणाऱ्याचा ग्लोव्ह मात्र घेराने मोजतात, म्हणून त्यावर ३२ किंवा ३४ इंच दिसतं. ऑनलाइन बघताना तो आकडा बघून दचकू नका.

उजव्या-डाव्याचा घोळही बराच होतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. ‘आरएचटी’ म्हणजे उजव्या हाताने फेकणारा. दुकानात “उजवा ग्लोव्ह द्या” म्हणालात तर उलटा पदरात पडू शकतो, “उजव्या हाताने फेकतो” असंच सांगा.

मूल सॉफ्टबॉल खेळणार की बेसबॉल, हेही आधी प्रशिक्षकांना विचारा. बेसबॉलच्या चेंडूचा घेर ९ ते ९.२५ इंच, सॉफ्टबॉलचा नेहमीचा १२ इंच. बेसबॉलच्या छोट्या ग्लोव्हच्या खोलगटात तो नीट मावत नाही. घरात पडलेले विकेटकीपिंगचे हातमोजे तर अजिबात चालणार नाहीत, त्यांना अंगठा आणि तर्जनीमध्ये खोल जाळीच नसते.

तळहात झिणझिणतो अशी तक्रार आली तर लगेच नवा ग्लोव्ह घेऊ नका. बहुतेक वेळा चेंडू तळव्यावर झेलला जात असतो. तो त्या जाळीच्या बुडाशी यायला हवा. ग्लोव्ह लहान असेल तर मात्र तिथे जागाच उरत नाही आणि चेंडू तळव्यावरच आदळतो.

चामडं मऊ करायला खोबरेल तेल चोपडणं ही आपल्याकडची हमखास चूक. तेल मुरलं की ग्लोव्ह जड आणि लुळा होतो. चामड्याचं कंडिशनर बोटभर घेऊन फडक्याने पुसा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ग्लोव्ह गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका, चामडं सुकून नाड्या तुटतात. सरावाहून आल्यावर माती झटका आणि आत चेंडू घालून सावलीत ठेवा. आमच्याकडे आता अकरा इंची ग्लोव्ह देवघराशेजारच्या फळीवर असतो. साडेबारा इंची माळ्यावर आहे.