पेटीचा गंधार, तंबोऱ्याचा गंधार: दोन स्वरांमधलं अंतर कसं मोजावं

तंबोरा नीट जुळला असेल तर खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार छेडल्यावर क्षणभराने तिच्यातून गंधार (ग) उमटतो. गंधाराची वेगळी तार तंबोऱ्याला नसते, तरी तो येतो. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. आता त्याच पट्टीत पेटीवर गंधार दाबा. दोन्ही एकत्र ऐकलेत की कळतं, पेटीचा गंधार चढा आहे. किती चढा? ‘किंचित’ म्हणून सोडून देऊ नका. फोन, कागद आणि शांत खोली एवढ्यावर त्याचं माप काढता येतं.

आधी भागाकार

स्वर म्हणजे दर सेकंदाला होणारी ठरावीक कंपनं. संगीताच्या पुस्तकांत त्यांच्या संख्येला आंदोलनसंख्या म्हणतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून सा २४० धरू. मग मध्य सप्तकातला पंचम ३६० आणि फरक १२०. तार सप्तकात सा ४८०, पंचम ७२०, फरक २४०. वजाबाकी दुप्पट झाली, पण कानाला अंतर तेच, सा ते प. कारण कान भागाकार ऐकतो: दोन्हीकडे ३/२. म्हणून पहिला नियम असा की वरच्या स्वराला खालच्या स्वराने भागा. शुद्ध मध्यम ४/३, तंबोऱ्यातला गंधार ५/४, तार सा २.

हे डोळ्यांनीही पाहता येतं. तंबोऱ्याची मोकळी तार समजा ९० सेंटिमीटर आहे. एका टोकापासून ३० सेंटिमीटरवर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. पंचम वाजेल. १८ सेंटिमीटरवर टेकवा, गंधार वाजेल. तारेचा तिसरा हिस्सा आणि पाचवा हिस्सा. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’मध्ये वीणेच्या तारेची लांबी वाटून स्वरांच्या जागा सांगितल्या, त्या याच वाटेने.

मग सेंट

गुणोत्तरं नेमकी असतात, पण ५/४ आणि ८१/६४ यांत मोठं कोणतं हे पटकन सांगता येत नाही. शिवाय अंतरं जोडायची तर गुणाकार करावा लागतो. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ मध्ये यावर उपाय मांडला: सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भागाचे शंभर, म्हणजे एकूण १२०० सेंट. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरून लॉगचं बटण शोधा (दहाच्या पायाचं, शेजारी नैसर्गिक लॉगचं वेगळं बटण असतं, ते नको) आणि हे करा:

सेंट = ३९८६.३ × लॉग (गुणोत्तर)

५/४ म्हणजे १.२५. त्याचा लॉग ०.०९६९१. उत्तर ३८६. तसंच ३/२ चे ७०२ आणि ४/३ चे ४९८. आता ४९८ आणि ७०२ यांची बेरीज करा, बरोबर १२०० येते: सा ते म, आणि म ते तार सा. गुणाकाराची बेरीज झाली, हीच सेंटची खरी सोय. ८१/६४ चे ४०८ येतात, म्हणजे तोच मोठा.

पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर असतात. तिचा गंधार चौथ्या पायरीवर, म्हणून ४००. तंबोऱ्याचा ३८६. मघाचं ‘किंचित’ म्हणजे १४ सेंट. पंचमात मात्र फरक जेमतेम २ सेंटांचा. पेटीचा पंचम खुपत नाही आणि गंधार खुपतो, त्याचं कारण इथे आहे.

ट्यूनर वापरताना

ट्यूनर म्हणजे स्वर किती चढा किंवा उतरा हे काट्याने दाखवणारं फोनवरचं अ‍ॅप. इथे बहुतेकांची चूक होते. ट्यूनरचा काटा मध्यावर आला की स्वर बरोबर, असं आपण धरून चालतो. पण तो काटा पेटीच्या बारा स्वरांशी तुलना करत असतो, तुमच्या सा शी नाही. म्हणून दोन वाचनं घ्या. समजा सा पेटीच्या काळी एक या पट्टीपेक्षा २० सेंट चढा दिसला, आणि गंधार पांढरी चारपेक्षा ६ सेंट चढा. काळी एक ते पांढरी चार म्हणजे ४००. त्यात ६ मिळवा, २० वजा करा: ३८६. काटा गंधाराला ‘चढा’ म्हणत होता, तरी गंधार तंबोऱ्यात अगदी मिळालेला आहे.

पंखा बंद करा. तार जोरात छेडली की सुरुवातीला चढी बोलते, म्हणून हलक्या हाताने छेडा आणि काटा स्थिरावल्यावरच आकडा लिहा. तीनदा मोजा.

कानाने पडताळा

मला हा भाग सर्वांत प्रिय आहे. मध्य सा २४० असेल तर खर्ज १२०, आणि त्यातला स्वयंभू गंधार त्याच्या पाचपट, ६००. पेटीचा मध्य गंधार ३०२.४, त्याच्यात उमटणारी दुप्पट ६०४.८. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा हेलकावतो. घड्याळ समोर ठेवून मोजा. पंचमात हाच हेलकावा अडीच सेकंदांत एकदा येतो. तंबोरा जुळवणारे हात खुंटी आणि मणी फिरवताना हेच हेलकावे संपायची वाट पाहत असतात.

श्रुती हे माप आहे का?

श्रुती म्हणजे सप्तकातल्या स्वरांच्या बारीक जागा, त्या बावीस मानतात. म्हणून १२०० ला २२ ने भागून ‘एक श्रुती म्हणजे ५४.५ सेंट’ असं लिहिलेलं आढळतं. तसं करू नका. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे श्रुतींची मोजमापं केली आणि १९१० मध्ये ती प्रसिद्ध केली. आज गुणोत्तरांची जी मांडणी रूढ आहे, तिच्यात श्रुती तीन आकारांच्या येतात: सुमारे ९०, ७१ आणि २२ सेंट. चार श्रुतींचं अंतर ९/८ म्हणजे २०४, तीन श्रुतींचं १०/९ म्हणजे १८२, दोन श्रुतींचं १६/१५ म्हणजे ११२. श्रुती मोजायच्या असतील तर प्रत्येक जागेचं गुणोत्तर सोबत लिहा.

आणि गळा मोजताना एक जपा. दरबारी रागाचा कोमल गंधार आंदोलित, म्हणजे झुलता असतो, तो एका जागी उभाच राहत नाही. ट्यूनरचा सरासरी आकडा तिथे काही सांगत नाही. अशा स्वराचा पट्टा लिहा: खालचं टोक किती सेंटांवर, वरचं किती, आणि एका झोक्याला किती वेळ लागला.