गाडीची मागची काच फोडली तर: नवी काच घरच्या घरी कशी बसवावी

सकाळी गाडीपाशी गेलो तर मागच्या डाव्या दाराखाली खडीसाखर सांडल्यासारखं काहीतरी चमकत होतं. मागच्या सीटवरची बॅग गेली होती. बॅगेत होता रिकामा डबा, छत्री आणि वाचनालयाचं एक पुस्तक. चोराची निराशा झाली असणार, पण काच माझी गेली.

नवी काच बसवायला मला पाऊण तास लागला. फुटलेली काच गाडीतून बाहेर काढण्यात मात्र अख्खा रविवार गेला. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कामाचा क्रम वेगळा लावला असता, म्हणून हा लेख.

आधी फोटो, मग झाडू

काचा दिसल्या की हात झाडूकडे जातो. थांबा. आधी फोटो काढा: चारी बाजूंनी गाडी, नंबरप्लेटसकट, फुटलेलं दार, आतली सीट, उचकलेला डॅशबोर्डचा कप्पा, रस्त्यावरचा सडा. मग काय काय गेलं याची यादी करा. घराच्या किल्ल्या आणि पत्ता असलेला कागद दोन्ही गेले असतील, तर काचेचं नंतर बघा, आधी त्याच दिवशी घराचं कुलूप बदला.

मग पोलिस. वस्तू चोरीला गेली असेल तर तक्रार नोंदवाच, रक्कम किरकोळ असली तरी. कागदपत्रं किंवा फोन पुढे भलत्याच ठिकाणी सापडला तर हाच कागद कामी येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गाडी तशीच ठेवायची की पंचनामा लगेच होणार, हेही तिथेच विचारा आणि मगच काचांना हात लावा.

विम्याचं गणित कागदावर मांडा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हा भाग सोडून पुढे जा, काचेचे पैसे मिळणार नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल तर क्लेम करता येतो. काचेवर घसारा कापत नाहीत, पण सक्तीची वजावट, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा, असतेच: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला साधारण १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. आणि खरी मेख आहे नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीमध्ये.

समजा, पुढच्या वर्षी तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ३५ टक्के, म्हणजे २,८०० रुपयांची सूट. काचेचं बिल झालं ३,०००. वजावट जाऊन हातात येणार २,०००, आणि बोनस शून्यावर गेला की पुढच्याच वर्षी २,८०० जास्त भरायचे. शिवाय बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढवत आणायचा. दाराच्या एका काचेसाठी क्लेम बहुतेकदा आतबट्ट्याचा ठरतो. काही पॉलिसींमध्ये बोनस राखणारं जादा कलम असतं, ते मात्र एकदा वाचून घ्या.

क्लेम करायचा ठरला तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काहीही बदलू नका. गाडीतून गेलेला लॅपटॉप किंवा बॅग साध्या वाहन विम्यात येत नाही.

रात्रीपुरती तजवीज

जाडसर पारदर्शक प्लास्टिक घ्या, काचेच्या जागेपेक्षा वीतभर मोठं. दार उघडून ते चौकटीवरून आत वळवा, आतल्या बाजूने चिकटवा आणि दार बंद करा, म्हणजे कड दार आणि बॉडी यांच्यात दाबली जाते. बाहेरून रंगावर चिकटवायचं असेल तर रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप वापरा. खोक्यांची तपकिरी टेप दोन दिवस उन्हात राहिली की तिचा गोंद रंगावर बसतो आणि मग तो काढत बसावं लागतं. प्लास्टिक लावून हायवेला जाऊ नका, ते फाटतं आणि फाटेपर्यंत कान किटतात.

कोणती काच गेली ते नीट ओळखा

मागच्या बाजूला तीन प्रकारच्या काचा असू शकतात. एक, मागच्या दारातली खालीवर होणारी मोठी काच. दोन, त्याच दारात उभ्या पट्टीपलीकडची छोटी तिकोनी स्थिर काच. तीन, दाराच्याही मागे थेट बॉडीत बसवलेली काच, जी मोठ्या गाड्यांमध्ये डिकीच्या बाजूला असते. पहिली घरी बदलता येते. दुसरी रबरात बसवलेली असेल तर तीही, पट्टी काढली की. तिसरी बहुतेक गाड्यांत युरेथेन गोंदाने चिकटवलेली असते. जुना गोंद कापायचा, प्रायमर लावायचा, नव्या गोंदाची सलग रेघ ओढायची, हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे. ती काचवाल्याकडेच द्या. छोटी काच फोडली तर मालकाला स्वस्तात पडेल असा दयाळू विचार चोराने केला असेलही, पण चिकटवलेली छोटी काच अनेकदा दाराच्या मोठ्या काचेपेक्षा महाग पडते.

पुढचं सगळं दारातल्या मोठ्या काचेबद्दल.

काच आणताना

दुकानात मॉडेल, वर्ष आणि आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीचा आकार दोन-चार वर्षांनी बदलतो आणि काच मिलिमीटरच्या फरकानेही बसत नाही. स्पेअरच्या दुकानात डावी-उजवी चालत नाही, 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' म्हणतात. डावी म्हणजे क्लीनर साइड, गाडीला क्लीनर नसला तरी. उरलेल्या काचांचा रंगही बघून जा. हिरवट झाक असलेल्या तीन काचा आणि एक पांढरी, हे लांबूनही डोळ्यांत येतं.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार नव्या मालासाठी, आणि कुर्ल्याचा जुन्या मालासाठी. जुनी काच घ्यायला हरकत नाही. ती रबर किंवा कपड्यासारखी झिजत नाही, फक्त कडेला टवका उडालेला नको आणि उन्हात धरून उभ्या रेघा बघा. कोपऱ्यावर छापलेली खूण मात्र वाचा. भारतात वाहनांच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३ आहे आणि काच बनवणाऱ्याचं नावही तिथेच असतं.

खिडक्यांच्या काचवाल्याकडून मापाने कापून आणायचा बेत असेल तर तो सोडून द्या. गाडीच्या बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात: सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड केलेल्या. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली अडकून राहतो, आणि एका जागी तडा गेला की सगळी काच एकदम दाण्यादाण्यांची होते. तशी काच नंतर कापताच येत नाही. कापून मिळते ती साधी काच, आणि अपघातात तिचे सुरे होतात.

काचेबरोबर दाराच्या पॅडच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणाच्या, पाच-सहा प्लास्टिक क्लिपा घ्या. जुन्यांपैकी दोन तरी मोडणारच.

दार उघडणं

जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट. इग्निशन बंद. दार पूर्ण उघडा आणि खाली जुनी चादर अंथरा.

पॅडचे स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत, हात टेकायच्या खाचेत, छोट्या झाकणांखाली. हाताने फिरवायची काच असेल तर हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. ती काढायला पेचकस नको. जुन्या धोतराची किंवा बनियनची पट्टी हँडल आणि पॅड यांच्या फटीत घाला आणि बूट पॉलिश करतात तशी मागेपुढे ओढा. क्लिप टुणकन उडते, म्हणून दुसऱ्या हाताने वर फडकं धरा. माझी पहिल्यांदा उडाली ती शेजाऱ्यांच्या तुळशीत सापडली.

स्क्रू निघाले की पॅड खालच्या कोपऱ्यापासून ओढत, एकेक क्लिप सुटू द्या, मग वर उचलून बाहेर घ्या. झटका देऊ नका, स्विचची आणि लॉकची वायर मागे जोडलेली असते. आत दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो काळ्या चिकट पट्टीवरून सावकाश सोडवा, फाडू नका. दारात शिरलेलं पावसाचं पाणी गाडीत येऊ न देणं हे त्याचं काम. बरेच मेकॅनिक तो फाडून फेकतात आणि मग जुलैत पायाखालची मॅटिंग ओली का, म्हणून मालक गाडीभर गळती शोधत बसतो.

दाराचं पोट रिकामं करणं

अर्धी काच सीटवर दिसते, उरलेली दाराच्या पोटात असते. दार हलकेच हलवा, खळखळ ऐकू येईल. हे खडे तसेच ठेवून नवी काच बसवली तर ते काच खालीवर करणाऱ्या मशीनमध्ये अडकतात आणि रबरात बसून नव्या काचेवर पहिल्याच दिवशी रेघ ओढतात.

वरून खाली या. आधी चौकटीतल्या चॅनल रबरात, म्हणजे काच सरकते त्या रबरी खाचेत, अडकलेले तुकडे चिमट्याने काढा. मग खिडकीच्या खालच्या कडेची बाहेरची आणि आतली रबरी पट्टी (बीडिंग) बोटाने दाबून बघा. काच पकडणाऱ्या मशीनच्या खोबणीत खालच्या कडेचा मोठा तुकडा बहुतेकदा शिल्लक असतो, त्याचे बोल्ट सैल करून तो काढा. मग व्हॅक्यूमची अरुंद नळी दाराच्या तळापर्यंत. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. तळहाताने दारावर थापा, पुन्हा व्हॅक्यूम. खळखळ पूर्ण थांबेपर्यंत हेच.

आता गाडीचा आतला भाग. मागची सीट उचलता येत असेल तर उचला. सीटबेल्टच्या कुलपात एखादा खडा गेला तर ते नीट लागत नाही, म्हणून तिथे नळी लावा आणि चार वेळा लावून-काढून बघा. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याला कुठे चीर गेली नाही ना, हेही पाहा. सीटच्या कापडात रुतलेला बारीक चुरा व्हॅक्यूमला दाद देत नाही. त्याला घरातलाच उपाय: कणकेचा घट्ट गोळा दाबून उचला. काम झालं की गोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, गायीला नाही.

काच बसवणं

मागच्या दारात मोठ्या आणि तिकोनी काचेमध्ये उभी पट्टी असते. तिचा वरचा स्क्रू चॅनल रबराखाली आणि खालचा बोल्ट दाराच्या आतल्या पत्र्यावर, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा. ती सैल करून बाजूला सारल्याशिवाय काच आत जात नाही. जोर लावून बघू नका.

इथे दुसरा माणूस लागतो. मशीन (बटणाची असेल तर स्विच तात्पुरता जोडून) अशा उंचीवर आणा की तिची बोल्टची भोकं दाराच्या आतल्या पत्र्यातल्या मोकळ्या जागेतून दिसतील. काच तिरकी करून, पुढची कड खाली ठेवून आत सोडा, मग सरळ करा. एकाने वरून धरायची, दुसऱ्याने बोल्ट हाताने लावायचे. पट्टी जागेवर आणा, रबर तिच्या खाचेत दाबत बसवा.

बोल्ट अजून सैलच ठेवा. काच सावकाश पूर्ण वर न्या, वरच्या रबरात ती स्वतःची जागा धरते, मग बोल्ट आवळा. पान्ह्यावर ताकद दाखवू नका, अति आवळलेल्या बोल्टनेच नव्या काचा फुटतात. पाच-सहा वेळा खालीवर करा. एका बाजूला झुकत असेल किंवा करकरत असेल तर बोल्ट सैल करून पुन्हा. चॅनल रबराला सिलिकॉन स्प्रे चालेल. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं.

पॅड लावण्याआधी बाहेरून काचेवर दोन तांबे पाणी ओता. ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर यायला हवं. मग पडदा त्याच चिकट पट्टीवर दाबून बसवा, वायरी जोडा, क्लिपा दाबा, स्क्रू लावा. चाइल्ड लॉक आणि आतलं हँडल दार उघडं असतानाच तपासा. एका स्पर्शात वर जाणारी काच असेल तर तिला नवी हद्द शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा.

नव्या काचेवर फिल्म लावायचा मोह होईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, पुढच्या-मागच्या मोठ्या काचांमधून ७० टक्के. काळ्या फिल्मने चोर टळेल की नाही ठाऊक नाही, वाहतूक पोलिस मात्र थांबवतील.

पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा व्हॅक्यूम फिरवा. ब्रेक आणि खड्ड्यांनी उरलेले खडे सीटच्या रुळांतून बाहेर येतात. माझा शेवटचा खडा तीन महिन्यांनी निघाला, डिकीत, स्टेपनीच्या खाली.