टॅबलेटवरचं प्रोजेक्टरवर दिसतच नव्हतं, शेवटी असं जमलं

मी ऐरोलीत आठवीला गणित शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आहे, त्याला कास्टिंगवाला डोंगल (टॅबचा पडदा वायफायवरून प्रोजेक्टरवर दाखवणारं छोटं उपकरण) लावला, टॅब आणि डोंगल दोन्ही शाळेच्याच वायफायवर, तरी टॅबमध्ये डोंगलचं नावच येईना. चार दिवस रीस्टार्ट, अपडेट, सगळं करून झालं आणि पोरांचे तास वाया जातायत याचं फार वाईट वाटत होतं.

मग दोन्ही माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडून बघितलं तर लगेच चालू! म्हणजे डोंगल ठीक होता. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी राऊटरचं सेटिंग उघडलं तर त्यात क्लायंट आयसोलेशन ऑन होतं, म्हणजे एकाच वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना बघूच शकत नाहीत, इंटरनेट मात्र दोघांना मिळतं, म्हणून तर कळत नव्हतं. सुरक्षेसाठी ते असायलाच हवं, त्यामुळे बंद नाही केलं. घरचा जुना राऊटर आणला, सरांना विचारूनच शाळेच्या लॅनची वायर त्याला लावली, फक्त टॅब आणि डोंगलसाठी.

तरी चित्र अडकत होतं. राऊटर वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता, त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल (म्हणजे वायफायचे वेगवेगळे मार्ग) तीनच, 1, 6 आणि 11, आणि समोरच्या सोसायट्यांची वायफाय सगळी तिथेच. राऊटर 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकला आणि अडकणं गेलं.

आता चौकोन रचना शिकवताना मी टॅब घेऊन शेवटच्या बाकापर्यंत जाते, तिथली मुलगी बसल्या जागी कोन काढते आणि अख्खा वर्ग बघतो. हो, तासाआधी नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर घरचे मेसेज पडद्यावर येतात.