घरची पहिली बिअर: दहा लिटरचा घाणा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे ही माहिती अमेरिका, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी. तिथे स्वतःपुरती बनवता येते, विकता मात्र येत नाही.

पहिल्या खेपेला धान्यापासून सुरुवात करू नका. 10 लिटरला 1.3 किलो फिकट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची पावडर), 30 ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि 11 ग्रॅमच्या एल यीस्टचं (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) अर्धं पाकीट पुरतं. 18-20 लिटरच्या पातेल्यात 12 लिटर पाणी तापवा, आच बंद करा आणि मगच पावडर विरघळवा, नाहीतर ती तळाला लागून करपते. उकळी येताना फेस झपाट्याने उतू जातो, तेव्हा जागचे हलू नका. निम्मे हॉप्स उकळी फुटताच कडवटपणासाठी, उरलेले शेवटच्या 5 मिनिटांत वासासाठी. तासभर उकळून पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि 20 अंशांपर्यंत थंड करा.

इथून पुढे द्रवाला लागेल ती प्रत्येक वस्तू आधी घासून, मग निर्जंतुक करून घ्या. मळ राहिला तर जंतुनाशक त्याच्या आत पोचत नाही. मग थंड द्रव फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या बादलीत, ओता आणि यीस्ट टाका.

बिअर बिघडते ती बहुतेकदा तापमानामुळे. नवखे रेसिपीवर डोकं खपवतात आणि बादली गरम खोलीत ठेवतात. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. आत 18 ते 20 अंश हवेत. 24 च्या वर गेलं की जळजळीत, नेलपॉलिशसारखा वास येऊ शकतो आणि तो मुरवूनही सहसा जात नाही. पहिले तीन-चार दिवस फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या बाटल्या बदलत राहा.

एअरलॉकचे (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचे) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नाही. हायड्रोमीटर (द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत मोजणारं साधन) सुरुवातीला 1.048 च्या आसपास दाखवतो. दोन आठवड्यांनी 1.012 च्या जवळ यायला हवा, आणि तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी हवीत. घाईने भरलेल्या बाटल्या फुटतात आणि काचेने गंभीर इजा होते.

भरताना लिटरला 6 ग्रॅम साखर, म्हणजे 10 लिटरला 60, थोड्या पाण्यात उकळून अलगद मिसळा. बाटल्या बिअरच्याच, तपकिरी काचेच्या घ्या. उजेडाने हॉप्सला दुर्गंधी येते. 20 अंशांत दोन आठवडे ठेवा, मग फ्रिजमध्ये. ओतताना तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या.