सोडियमचा जुना पथदिवा पुन्हा पेटवताना

जानेवारी २०१५मध्ये पथदिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत रस्तोरस्तीचे पिवळे सोडियम दिवे खांबांवरून उतरून भंगारात जाऊ लागले. त्यांतला एखादा जपावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो भंगारवाल्याकडून किंवा सरकारी लिलावातला माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावा आणि पावती आवर्जून मागावी, कारण पथदिवा ही सार्वजनिक मालमत्ता असते. झाकण उघडून चोक (बल्बमधला प्रवाह मर्यादित ठेवणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी), इग्निटर (बल्ब पेटवणारा विजेचा ठोका देणारा भाग) आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) जागेवर आहेत ना, हे तिथेच पाहावे. तांब्यासाठी चोक अनेकदा आधीच काढून घेतलेला असतो.

घरी आणल्यावर काहीही सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घ्यावे. गंजलेल्या स्क्रूंवर रॉकेल सोडून रात्रभर थांबावे. घाई केली तर स्क्रूचे डोके तर तुटतेच, पण स्क्रू ज्यात बसतो तो ओतीव ॲल्युमिनियमचा कानही त्याबरोबर जातो आणि तो पुन्हा नीट जोडता येत नाही. जुन्या वायरीवर पांढऱ्या तंतूंचे वेष्टण असेल, तर ते ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासातून जाणे घातक असते असे खनिज) असू शकते असे धरून ते कोरडे खरवडू नये.

खरे नुकसान सफाईत होते. माझ्याकडच्या १५० वॅटच्या दिव्यात कुंभारमाशीचे मातीचे घर होते आणि रिफ्लेक्टरवर किड्यांच्या पंखांचा तपकिरी थर चिकटलेला होता. असा थर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ कापडाने, हलक्या हाताने, लागतील तितक्या वेळा पुसावा. काचपेपर किंवा तारेची घासणी रिफ्लेक्टरला कधीही लावू नये, कारण त्याची चकाकी वरच्या अतिपातळ ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने चढवलेल्या ऑक्साइडच्या) थरामुळे टिकते आणि तो एकदा खरवडला गेला की परत येत नाही. बाहेरच्या अंगावर खांबाचा क्रमांक रंगवलेला असेल, तर तो तसाच राहू द्यावा. नव्या रंगाने दिवा देखणा होईल, पण तो कोणत्या खांबावरचा होता ही खूण कायमची पुसली जाईल. झाकणाच्या कडेचे कडक झालेले गॅस्केट (पाणी-धूळ अडवणारी रबरी पट्टी) मात्र बदलावेच.

विजेचे काम येत नसेल, तर इथून पुढे जाणकार वायरमनला सोबत घ्यावे. कपॅसिटर फुगला किंवा गळत असेल, तर तितक्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तितक्याच क्षमतेचा, नवा घ्यावा. बल्ब आणि चोक एकाच वॅटचे असले पाहिजेत. २५० वॅटच्या चोकवर १५० वॅटचा बल्ब लावणे धोक्याचे आहे. इग्निटर काही हजार व्होल्टचा ठोका देतो, म्हणून त्याच्यापासून होल्डरपर्यंतची वायर आखूड आणि उष्णता सोसणारी असावी आणि ठोका होल्डरच्या मधल्या टोकाला मिळावा. वीज जोडण्यापूर्वी चोकचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावे आणि धातूच्या अंगाला अर्थिंग द्यावे.

पेटवल्यावर दिवा आधी फिकट पांढरट, मग गडद पिवळा आणि चारपाच मिनिटांनी पूर्ण सोनेरी होतो. तो काही वेळाने आपोआप विझून, थंड झाल्यावर पुन्हा पेटू लागला, तर बहुधा बल्बचे आयुष्य संपलेले असते. असा बल्ब लगेच काढावा, नाहीतर इग्निटर ठोके देत राहतो आणि स्वतःही खराब होतो. काढलेल्या बल्बमध्ये बहुधा पारा असतो, त्यामुळे तो न फोडता ई-कचरा केंद्रात द्यावा.